उपाशी हाताचा पदर

आंधळगावात विणकरांची घरं पुष्कळ आहेत, पण टेकचंदच्या घरची एक रीत दुसऱ्या कुठल्या घरात नव्हती. मागावरची साडी पदरापर्यंत आली, की पदर पुरा होईस्तोवर घरातल्यांनी अन्नाला शिवायचं नाही. सकाळचा कोरा चहा तेवढा चालायचा. मग चूल थंड, पातेली पालथी आणि घरभर नुसती मागाची खटखट.

पदर साडीच्या शेवटी येतो. आधी काठ आणि अंग विणत माणूस पुढे सरकतो आणि सगळ्यात निगुतीचं काम उरतं ते हात थकल्यावर. टेकचंद लहान होता तेव्हा त्याची माय, गोदावरीबाई, मुलांना मागापाशी बसवून सांगायची, ‘पदर लय लाजरा असते. त्याले भाजीचा वास आला का तो तोंड फिरवून बसते.’ मुलं श्वास रोखून पदराकडे बघायची. पोटात कावळे ओरडत असले तरी गोष्ट खरी वाटायची. धोटा इकडून तिकडे पळायचा, लाल धाग्याच्या रेघा एकावर एक चढत जायच्या आणि आपल्या गप्प बसण्यामुळेच पदर इतका देखणा उतरतो आहे, असं त्या पोरांना मनापासून वाटायचं.

मोठा झाल्यावर टेकचंदनं त्या गोष्टीला आपल्या परीनं अर्थ लावला. जेवलेल्या हाताला तेल राहतं, हळद राहते. कोशाच्या रेशमी धाग्याला हळदीचं बोट लागलं, की तो डाग काही केल्या जात नाही. म्हणजे जुन्या माणसांनी विचार करूनच रीत घातली असणार. वडील गेले, माग त्याच्याकडे आला आणि मागाबरोबर रीतही आली. त्यानं ती कधी मोडली नाही. उलट घरातलं एवढं एकच काम तो देवपूजेसारखं करी.

फक्त एक होतं. त्या दिवशी तो त्याचा राहत नसे. एरवी हा माणूस गाईसारखा. आळीतली पोरं त्याच्या खांद्यावर चढत. पण पदराच्या दिवशी सूर्य वर आला, की त्याच्या कपाळावर शीर उभी राही. धोट्यातली धाग्याची कांडी उशिरा भरली म्हणून बायकोवर, विजयमालावर डाफरे. शेजारच्या रेडिओवर चिडे. धागा तुटला तर धाग्याला शिव्या देई. विजयमाला त्या दिवशी बोलतच नसे. मुलगी कीर्ती शाळेत असताना पदराच्या दिवशी मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची. तिला मात्र उपास नव्हता. ती जेवण्याइतकी मोठी झाली, तशी पहिल्याच पदराच्या दिवशी गोदावरीबाईनं तिला कडेवर घेऊन शेजारी नेलं आणि वरणभात भरवून आणलं. लहानांना सूट असते, एवढंच म्हणाली. टेकचंदला तेव्हा जरा नवल वाटलं होतं, कारण त्याला लहानपणी अशी सूट कोणी दिली नव्हती.

मागाचा सगळा व्यवहार चाले तो मोहाडीच्या व्यापारी भय्याजींच्या नावानं. विणायला जो उभा धागा मागावर चढतो त्याला ताणा म्हणतात. ज्याचा ताणा, त्याची साडी. भय्याजी ताणा देत, साडी नेत, विणकराला हाताची मजुरी मिळे. माणूस स्वभावानं वाईट नव्हता. पण विणकर साडी घेऊन गेला, की भय्याजी आधी जेवत, मग थोडे आडवे होत आणि विणकर बाहेरच्या बाकावर बसून राही. उठल्यावर साडीवरून हात फिरवत आणि म्हणत, ‘अंग मऊ आलं टेकचंद, पण पदर कडक झाला.’ तेवढ्यासाठी मजुरीतून काही कापलं जाई. मग चहा येई, चिवडा येई, घरची विचारपूस होई. परतताना विणकराला वाटे, भला माणूस आहे.

या वर्षी दिवाळीनंतर मात्र टेकचंदच्या मागावर त्याचा स्वतःचा ताणा चढला होता.

हे कीर्तीनं जमवलं होतं. भंडाऱ्याला कॉलेजात असताना एका प्रदर्शनात तिला स्वाती भेटली. मूळची भंडाऱ्याजवळच्या शहापूरची, आता नागपुरात दोन मैत्रिणींबरोबर कापडाचं छोटं दुकान चालवणारी. त्या दुकानात प्रत्येक साडीला एक चिठ्ठी लावलेली असे: ही कोणी विणली, धागा कोणी काढला, त्यांना काय मिळालं. घेणाऱ्यानं ते वाचूनच साडी घ्यावी, असा स्वातीचा आग्रह. ती कीर्तीला म्हणाली होती, तुमच्या धाग्याची एक करवती काठाची, करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीची साडी दाखवा. किंमत काका सांगतील ती. पसंत पडली तर मग वर्षभर तुमचा माग माझ्यासाठीच चालेल.

माहेरच्या, करडी गावच्या भावांनी विजयमालाला धान दिलं होतं. ते विकून तिनं कोष आणले. कोष उकळून, मांडीवर वळून वळून तिनं धागा काढला. मांडीची कातडी सोलून निघाली, तिथं खोबऱ्याचं तेल लावून ती पुन्हा बसली. एका साडीपुरताच ताणा झाला, पण तो त्यांचा होता. टेकचंद रोज सकाळी मागावर बसायच्या आधी त्या धाग्यावरून उलटा हात फिरवी, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

स्वाती ज्या दिवशी येणार म्हणून कळलं, तो दिवस नेमका पदराचा निघाला. आदल्या दिवशी विजयमालानं विषय काढून पाहिला. पाहुणी येणार, तिला उद्याऐवजी परवा बोलवावं; नाहीतर एका दिवसापुरतं सकाळी दोन घास खाऊन मागावर बसावं. टेकचंदनं ऐकून घेतलं आणि शांतपणे नाही म्हटलं. जन्मभर भय्याजींच्या ताण्यावर रीत पाळली, आणि आपल्या ताण्यावर ती मोडायची, हे त्याला पटेना. विजयमालानं पुन्हा विचारलं नाही.

स्वातीला यायला उशीर झाला. आणखी दोन गावं करून ती आली, तेव्हा दुपार कलायला लागली होती. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता. तिनं पाणी मागून घेतलं, गोदावरीबाईच्या पाया पडली आणि ‘कसं आहे आजी’ म्हणून आपल्या बोलीत विचारलं. सगळं चांगलं सुरू झालं. विजयमालाचा जीव मात्र वर-खाली होत होता. पाहुणी दारातून आली आणि घरात ताटात घालायला काही नाही. पोहे तरी करावेत म्हणून ती डब्याकडे वळली, तर मागावरून टेकचंदनं मान हलवली. फोडणीचा वास आला असता. पाहुणीला कोरा चहा मिळाला. तिनं तो एका घोटात संपवला आणि रिकाम्या कपात एकदा पाहिलं. ते पाहणं विजयमालाच्या मनाला फार लागलं.

स्वाती मागापाशी बसली. साडीचं विणलेलं अंग तिनं उजेडात धरलं. मग हळू आवाजात म्हणाली, असं कापड तिनं या वर्षात पाहिलं नव्हतं.  त्या क्षणी टेकचंदच्या पोटात चार घास असते, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

तिनं किंमत विचारली. टेकचंदनं म्हटलं, तुम्हीच सांगा. ती हसून म्हणाली की किंमत विणणाऱ्यानं सांगायची, हेच तर तिच्या दुकानाचं वेगळेपण. टेकचंद पुन्हा म्हणाला, तुम्ही सांगाल ते. आता यात त्याचा काही डाव नव्हता. त्यानं आयुष्यात कधी किंमत सांगितलीच नव्हती. समोरचा सांगे आणि तो मान हलवी, एवढाच सौदा त्याला ठाऊक होता. डोक्यात आकडा यावा म्हणून तो आत शोधत होता आणि आत नुसती पोकळी वाजत होती. स्वातीला वाटलं, काका आपल्याला अजमावत आहेत. ती धाग्याचं विचारू लागली, दिवस विचारू लागली, भय्याजी काय देतात ते विचारू लागली. चिठ्ठीवर लिहायला म्हणून तिनं फोन काढला, त्याचा आणि मागाचा फोटो घेतला, आणि साध्या मनानं विचारलं की दुपारचं जेवण घरी काय असतं.

टेकचंदचा हात थांबला.

“कायले पायजे ते तुमाले?”

“तसं नाही काका. लोकांना कळावं, साडी करणारा माणूस कसा राहतो. आणि स्वतःच्या मेहनतीची किंमत तुम्हालाच सांगता येत नाही, म्हणजे काय? मी सकाळपासून फिरून राहिली, तुमच्यासाठीच ना?”

“माह्यासाठी?” टेकचंद मागावरून उठला नाही, वळलाही नाही. पदराकडे बघतच बोलला. “उपाशी माणसाचा फोटो दुकानात लावान, मंग साडी लवकर खपन. तेच ना? भय्याजी बरा. तो घेते तर घेते, वरून दया नाही करत.”

कीर्ती “बाबा” एवढंच म्हणाली.

स्वातीचा चेहरा उतरला, मग कडक झाला. तिचंही पोट सकाळपासून रिकामं होतं. तिनं फोन पिशवीत टाकला. “मग भय्याजीलेच द्या,” ती म्हणाली. आपल्या बोलीत म्हणाली, म्हणून ते जास्त झोंबलं. जाताना गोदावरीबाईच्या पाया पडायला मात्र विसरली नाही. म्हातारी खाटेवर बसून सगळं ऐकत होती. दिसायला तिला कमी झालं होतं, ऐकायला नाही.

 टेकचंद विणत राहिला. फणीचा ठोका इतका जोरात बसत होता, की भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेला कंदील हलत होता. पदर पुरा झाला. त्यानं साडी मागावरून उतरवली, घडी घातली, कापडात बांधली आणि सायकल काढली. विजयमाला दारात आडवी आली; चूल पेटवते, आधी दोन घास खा आणि मग कुठं जायचं ते जा, म्हणाली. तो तिच्या बाजूनं निघून गेला. त्याला वाटत होतं, आपण मानानं जातो आहोत. खरं तर ती त्याच्या रिकाम्या पोटाची घाई होती. पण भूक आपलं नाव कधी सांगत नाही, ती रागाचा आवाज काढून बोलते.

भय्याजी त्या दिवशी उशिरा, नुकतेच जेवले होते. टेकचंद बाकावर बसला. आतून लाखोळीच्या डाळीच्या वरणाचा वास येत होता. डोकं हलकं झालं होतं, कानात मागाची खटखट अजून चालू होती. हाक आली तेव्हा तो उठला आणि त्याला एकदम भिंतीचा आधार घ्यावा लागला.

भय्याजींनी साडीवरून हात फिरवला. धागा तुमच्या घरचा दिसतो, म्हणाले. मग हात पदरावर आला आणि थांबला. पदर कडक झाला टेकचंद, नेहमीसारखा. त्यांनी किंमत सांगितली. टेकचंदनं मान हलवली. माग आता रिकामा असेल, नवा ताणा घेऊन जा, लग्नसराईची मागणी आहे, असं भय्याजी म्हणाले, आणि टेकचंदनं तेव्हाही मान हलवली. ताण्याचं गाठोडं त्याच्या पुढ्यात आलं. एकदा ताणा उचलला, की तो संपेपर्यंत मागावरची प्रत्येक साडी देणाऱ्याची. यात लिहिणं-पुसणं नसतं, उचलणं हाच शब्द.

मग चिवडा आला. दोन मुठी पोटात गेल्या, वर गोड चहा गेला, आणि थोड्या वेळानं टेकचंदच्या डोक्यातलं धुकं उतरू लागलं. त्याला विजयमालाची सोललेली मांडी आठवली. ‘असं कापड पाहिलं नव्हतं’ हे शब्द आठवले. ती पोरगी फक्त किंमत विचारत होती. जन्मात पहिल्यांदा कोणी त्याला विचारत होतं. त्यानं आत पाहिलं; साडी तिथं नव्हती. भय्याजींच्या मुनीमजीनं ती नागपूरच्या पार्सलात बांधून गाडीवर चढवली होती.

तो घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. कीर्ती अंगणातच उभी होती. स्वातीचा फोन आला होता. शहापूरला आईकडे पोचली, जेवली आणि मग लगेच फोन केला. म्हणाली, सकाळपासून पोटात काही नव्हतं, मी काय बोलले मलाच कळलं नाही. काकांना सांग, मी उद्या येते. आईच्या हातचा डबा घेऊन येते, सगळे मिळून जेवू आणि मग किंमतीचं बोलू. फोटो पुसून टाकला म्हणून सांग.

कीर्ती हे सांगत असताना तिची नजर सायकलच्या कॅरिअरवरच्या गाठोड्यावर गेली आणि तिचं बोलणं हळूहळू थांबलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. आत जाऊन तिनं फोन उचलला आणि स्वातीला उद्या येऊ नकोस म्हणून सांगितलं. आवाज अगदी साधा, जसं काही पाऊस पडतो आहे म्हणून सांगावं तसा.

टेकचंद ओसरीवर बसला. काही वेळानं आपल्याशीच बोलावं तसं म्हणाला, “पदराचा दिवस होता. पोटात काही नव्हतं. रीतच आहे, काय करू.”

खाटेवरून गोदावरीबाई बोलली.

“रीत नोहती रे बाबू.”

त्याला वाटलं, म्हातारी झोपेत बोलते आहे.

“साडी पुरी झाल्याबगर तुह्या बापाले मजुरी भेटे नाही,” ती म्हणाली. “पदरावर आलं का घरातला डबा खाली होये. तुमी पोरं चुलीकडे पाहत बसा. मले पाहवे नाही. मंग म्या सांगतलं, पदर लाजरा असते.”

विजयमाला आतून दारात येऊन उभी राहिली होती.  टेकचंदनं विचारलं, घरात धान्य राहू लागलं, त्यानंतर तरी तिनं कधी का नाही सांगितलं.

म्हातारीनं बराच वेळ लुगड्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. “तू मोठ्या भक्तीनं करे. तुह्या मनात बापाचं चांगलं घर होतं. उपाशी होतो म्हणण्यापरीस रीत होती म्हणलेलं बरं असते.” मग म्हणाली, “कीर्तीच्या वेळेस नाही निभलं माह्याच्यानं.”

त्या दिवशी त्या घरात चूल पेटली आणि भात झाला, पण कोणाला फारसा गेला नाही.

भय्याजींचा ताणा मागावर चढला. स्वातीनं कीर्तीला मधेमधे फोन केला, बोलणं गोडीचंच होतं. पण लग्नसराई तोंडावर होती, दुकान थांबत नाही. तिनं दुसऱ्या गावच्या विणकरांकडून साड्या घेतल्या आणि त्यांना वर्षाचा शब्द दिला. इतकं प्रामाणिक माणूस दिलेला शब्द मोडणार नाही, हे कीर्तीला कळत होतं. पुढे पाहू, असं दोघी म्हणाल्या. टेकचंदनं एकदा कीर्तीला विचारलं, त्या साडीची किंमत मी किती सांगायला हवी होती. कीर्तीनं मान खाली घातली आणि सांगितलं नाही.

नव्या ताण्यावरची पहिली साडी पदरावर आली. विजयमालानं कोणाला न विचारता दुपारी चूल पेटवली. भात, लाखोळीचं वरण, जवसाची चटणी. फोडणीचा वास मागापर्यंत गेला. टेकचंद उठला, जेवला, बेसनानं हात धुतले, पंच्याला नीट पुसले, एकेक बोट उजेडात धरून पाहिलं. पुन्हा मागावर बसला तेव्हा त्याला आपल्याच हाताचं नवल वाटलं. ठोका हलका पडत होता. धागा धाग्याशेजारी शांतपणे बसत होता. तासाभरानं त्यानं पदरावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. पदर अंगाइतकाच मऊ उतरला होता. म्हणजे भय्याजी आजवर खोटं बोलत नव्हते. इतक्या साड्यांचे पदर कडक झाले होते ते खरंच होतं, आणि त्याच्या बापाच्या पदरांनाही कोणीतरी असाच हात लावला असणार.

ही साडी मोहाडीला जायची होती. तरी त्यानं पदर मन लावून पुरा केला.

मग त्याच्या मनात आलं, माय जेवली का. इतकी वर्षं पदराच्या दिवशी तीही उपाशीच राहायची. तो जेवत नव्हता, तर ती कशी जेवणार. त्यानं स्वतः ताट वाढलं, भात कालवला, खाटेपाशी नेऊन तिच्या हाताला लावलं.

“खाय माय. आज पदर लाजत नाही.”

म्हातारी हसली. तिनं दोन घास घेतले, सावकाश, चावून चावून. मग बोटांनी चाचपून उरलेला भात ताटाच्या एका कडेला गोळा केला, वरून दुसरी थाळी पालथी घातली आणि ती खाटेखाली, भिंतीच्या बाजूला सरकवली, जिथं मांजर पोचत नाही.

“हे काय वो?” टेकचंदनं विचारलं.

“राहू दे,” गोदावरीबाई म्हणाली. “तुह्या बापाचा पदर अजून पुरा नाही झाला. उठन तं भूक लागन त्याले.”

मागाची खटखट बंद होती. टेकचंदनं मागाकडे पाहिलं, मग मायकडे. तो खाटेपाशी खाली बसला आणि तिचा खरकटा हात आपल्या धुतलेल्या हातात घेतला. हळदीची बोटं होती. त्यानं ती पुसली नाहीत.